ग्रान तुरिस्मो ७ चं सोनेरी लायसन्स: कंट्रोलर की स्टिअरिंग व्हील?

ग्रान तुरिस्मो ही प्लेस्टेशनवरची कार-रेसिंग गेम्सची मालिका. १९९७ च्या पहिल्या गेमपासून लायसन्स परीक्षा, म्हणजे ठरलेल्या वेळेत पार पाडायच्या छोट्या ड्रायव्हिंग चाचण्या, या मालिकेचा कणा आहेत. ब्राँझ मिळतं, पण सोन्यासाठी सेकंदाच्या दहाव्या भागाशी झुंजावं लागतं. मग प्रश्न येतोच: हातातला कंट्रोलर पुरेसा आहे की व्हील घ्यावं?

नॅशनल बी आणि ए या सुरुवातीच्या लायसन्ससाठी कंट्रोलरच घ्या. वेगात जाऊन ठरलेल्या चौकटीत गाडी थांबवणं किंवा एखादंच वळण काढणं, यात फरक पडतो तो ब्रेक कुठे दाबला याचा. पीएस५ च्या ड्युअलसेन्स कंट्रोलरचा ब्रेक-ट्रिगर (बोटाने दाबायचं बटण) बोटाला विरोध करतो, त्यामुळे दाब किती द्यायचा ते लवकर कळतं. कंट्रोलरची अडचण आहे ती अंगठ्याने स्टिअरिंग करायच्या छोट्या काठीत (स्टिकमध्ये). तिची हालचाल अंगठा सरकेल तेवढीच, त्यामुळे लांब वळणात स्टिअरिंग किंचित सैल करणं अवघड जातं.

नेमकी तिथेच व्हीलची किंमत कळते. पुढच्या टायरची पकड सुटायला लागली की व्हील हातात हलकं होतं आणि गाडी बाहेर जाण्याआधीच आपण सावरतो. वळणात शिरताना ब्रेक हळूहळू सोडत जाणं, ज्यावर अर्धं सोनं अवलंबून असतं, ते पायाने कितीतरी नीट जमतं. पूर्ण फेरी मारायला लावणाऱ्या शेवटच्या, सुपर लायसन्समध्ये, विशेषतः ओल्या ट्रॅकवर, मी व्हीलच्याच बाजूने आहे.

मात्र नवं व्हील आणलं की सुरुवातीला वेळ बिघडतोच. हाताला सवय होऊ द्या. आणि व्हील ज्या टेबलाला लावलंय ते हलत असेल, तर आधी ते घट्ट करा.