पेट्रोल की सीएनजी : दोन्हीकडे पैसे मोजून झाल्यावर

पेट्रोल महागले की आमच्या ठाण्यातील ओळखीपाळखीच्या लोकांत दोन तट पडतात. एका तटाचे लोक सीएनजीची गाडी बुक करून मोकळे होतात, तर दुसऱ्या तटाचे लोक सरकारला चार शब्द ऐकवून पुन्हा पेट्रोलच भरतात. मी दोन्हीकडे राहून आलो आहे. २०१८ ते २०२३ अशी पाच वर्षे कंपनीतूनच सीएनजी बसवून आलेली गाडी वापरली आणि २०२३ च्या दिवाळीत ती विकून पेट्रोलची घेतली. सिलिंडरमुळे डिकी भरून जाते, घाटात गाडी थोडी दमते, दर तीन वर्षांनी सिलिंडरची तपासणी करून प्रमाणपत्र घ्यावे लागते, हे सगळे वाचकांना ठाऊक असणार. म्हणून त्यावर वेळ न घालवता, निर्णय घेताना मी ज्या गोष्टींचा विचार केला (आणि ज्यांचा करायला हवा होता) त्यांविषयीच लिहितो.

पहिला प्रश्न असा की, पेट्रोल महाग आहे म्हणून सीएनजी घ्यायची, तर पेट्रोल मुळात महाग कशामुळे होते? कच्चे तेल आपण बहुतांशी आयात करतो आणि ते डॉलरमध्ये घेतो, त्यामुळे तेल चढले किंवा रुपया घसरला तरी पंपावर झळ बसणारच, हे कोणीही मान्य करील. परंतु तेल उतरते तेव्हा काय होते, हे पाहिले की चालकांच्या रागाचे कारण समजते. २०१४ च्या मध्यात शंभर डॉलरच्या वर असलेले कच्च्या तेलाचे पिंप जानेवारी २०१६ मध्ये तीस डॉलरच्याही खाली आले, आणि त्याच काळात केंद्राने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवले. २०२० च्या टाळेबंदीत तेल पुन्हा कोसळले, तेव्हा मे महिन्यात पेट्रोलवरील उत्पादन शुल्क लिटरमागे ३२ रुपये ९८ पैशांवर नेले गेले. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये पाच आणि मे २०२२ मध्ये आठ रुपयांची कपात झाली. जुलै २०२२ मध्ये राज्याने आपल्या करातून आणखी पाच रुपये सोडले. म्हणजे २०२१-२२ मध्ये पेट्रोल जेव्हा ठळकपणे स्वस्त झाले, तेव्हा ते प्रामुख्याने कर कमी केल्यामुळे झाले.

राज्याच्या कराची गोष्ट तर वेगळीच आहे. तो टक्केवारीने लागतो आणि केंद्राच्या शुल्कासकट असलेल्या किमतीवर लागतो, त्यामुळे मूळ किंमत रुपयाने वाढली की पंपावर ती रुपयाहून अधिक होऊन येते. त्यावर ठरावीक रकमेचा अधिभार असतो. २०१५ मध्ये दुष्काळासाठी म्हणून दोन रुपये लावले गेले; दुष्काळ सरला, तरी अधिभार त्याच्याबरोबर गेला नाही. २०१७ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने महामार्गालगतची दारूची दुकाने बंद झाली आणि महसुलाची ती तूट भरून काढण्यासाठी पेट्रोलवर आणखी तीन रुपये आले. मी दारूला स्पर्शही करत नाही. तरीही काही महिने तिचे बिल भरत होतो, असे ओळखीच्या लोकांत मी गमतीने सांगत असे.

दरांविषयी चालकांचे मत विचारले तर उत्तर बहुधा एकच येते: निवडणूक झाली की वाढणार. हा केवळ संशय आहे, असे म्हणायला मी तयार होतो. पण जून २०१७ पासून दर रोज बदलण्याची पद्धत असूनही नोव्हेंबर २०२१ पासून १३७ दिवस दर हलले नाहीत, पाच राज्यांच्या निवडणुकांचे निकाल १० मार्चला लागले आणि २२ मार्चपासून सुमारे दोन आठवड्यांत पेट्रोल दहा रुपयांनी वाढले, हेही विसरता येत नाही. ६ एप्रिल २०२२ रोजी मुंबईत ते १२० रुपये ५१ पैसे झाले होते. त्या सुमारास पंपावर ‘दहा लिटर टाका’ म्हणणारे लोक हळूहळू दिसेनासे झाले. लोक रुपयांत बोलू लागले, आणि तेही ५१०, १०१० अशा आडव्या आकड्यांत. कारण पूर्ण आकड्याला मापात फसवतात, अशी पक्की समजूत आहे. ती खरी आहे की नाही हे मला सांगता येणार नाही, परंतु मीही आडवाच आकडा सांगतो.

आता सीएनजीकडे वळू. सीएनजी स्वस्त आहे हे खरे, पण ती आपोआप स्वस्त नाही; तिचा स्वस्तपणाही ठरवून दिलेला आहे, आणि हे मला गाडी घेतल्यानंतर चार वर्षांनी कळले. १ एप्रिल २०२२ पासून महाराष्ट्राने नैसर्गिक वायूवरील (सीएनजी म्हणजे दाबून भरलेला हाच वायू) कर साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला आणि मुंबईत सीएनजी किलोला ६० रुपये झाली. आमच्याकडे त्या दिवशी अक्षरशः पेढे आले होते. पण त्याच दिवशी देशातील जुन्या वायुक्षेत्रांतून निघणाऱ्या वायूचा सरकारी दर दुपटीहून अधिक झाला होता, तिकडे कोणाचे लक्ष नव्हते. एप्रिलमध्येच दर चढू लागले आणि ऑगस्टच्या सुरुवातीला सीएनजी ८६ वर पोहोचली. रिक्षाचे किमान भाडे २१ वरून २३ झाले ते त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये. आमच्या इमारतीखाली थांबणारे रिक्षावाले काका तेव्हा म्हणाले होते, ‘‘तुम्हाला पेट्रोलचा पर्याय आहे साहेब, आम्हाला कुठला?’’ पुढे एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने या वायूच्या दराला कमाल मर्यादा घातली आणि थोडी स्थिरता आली. तथापि, २०२४ च्या अखेरीस शहरांना मिळणारा हा स्वस्त वायू कमी केला गेला, तेव्हा सीएनजी पुन्हा दोन रुपयांनी वाढली.

माझ्या गाडीचा हिशेब असा होता: पेट्रोलवर लिटरला पंधरा आणि सीएनजीवर किलोला एकवीस किलोमीटर. दुसऱ्याच्या गाडीचे आकडे वेगळे असू शकतील. एप्रिल २०२२ च्या पहिल्या दिवशीच्या दराने सीएनजीवर किलोमीटरमागे जवळजवळ पाच रुपये वाचत होते. ऑगस्टच्या दराने तीनच. सीएनजीच्या गाडीची किंमत आता पेट्रोलच्या गाडीहून साधारण ९५ हजारांनी अधिक पडते. माझे वर्षाचे चालवणे आठ हजार किलोमीटरच्या आसपास आहे, कारण कचेरीत मी लोकलने जातो. त्यामुळे ही जादा रक्कम पहिल्या दराने अडीच वर्षांत आणि दुसऱ्या दराने चार वर्षांत वसूल होते. माझा मेहुणा रोज भिवंडीला गाडीने जातो. त्याची ती सव्वा वर्षात वसूल होईल. त्याच्याशी मी कधीही वाद घातलेला नाही आणि घालणारही नाही.

खरे सांगायचे तर, इतका हिशेब करूनही माझा निर्णय हिशेबाने झाला नाही. सीएनजी भरताना गाडीतील सर्वांनी खाली उतरायचे असते. नियम सुरक्षेसाठी आहे आणि योग्यच आहे. एकटा माणूस तो विसरूनही जातो. परंतु माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि तिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली आहे. २०२२ च्या गणपतीसाठी आम्ही खेडकडे निघालो होतो. पनवेलच्या पुढे एका पंपावर रांग होती. सीएनजीवरच जायचे, तर महामार्गावर पुढे पंप मोजके असल्यामुळे तीत थांबण्यावाचून गत्यंतर नव्हते. दीड तासाने आमचा क्रमांक आला तेव्हा पाऊस कोसळत होता. आईला हाताला धरून उतरवले. पत्र्याखाली आधीच गर्दी असल्यामुळे ती छत्री धरून ओल्या फरशीवर उभी राहिली. वायूचा दाब कमी होता, म्हणून साडेचार किलोवर मीटर थांबला. कर्मचाऱ्याचा दोष काहीच नव्हता. तो सकाळपासून प्रत्येकाला तेच सांगत होता. पुन्हा गाडीत बसताना आई म्हणाली, ‘‘आधीच्या गाडीत निदान बसून तरी राहता येत होतं रे.’’

त्यानंतर गावाला जाण्याचा विषय निघाला की आई का-कू करू लागली. मी मग गावाच्या प्रवासात सीएनजीची गाडी पेट्रोलवरच चालवू लागलो, आणि एका वर्षानंतर लक्षात आले की माझे सर्वांत लांबचे प्रवास पेट्रोलवर होत आहेत. शहरातल्या फेऱ्यांवर जे वाचते, त्यासाठी डिकी मात्र बारा महिने अडकून पडली आहे. अलीकडे दोन लहान सिलिंडर डिकीच्या तळाशी बसवलेल्या गाड्या मिळतात, त्यामुळे सामानाची तक्रार पुष्कळच कमी होते. पण खाली उतरावे लागतेच.

पेट्रोलच्या गाडीतही सारे आलबेल आहे, असे मी म्हणणार नाही. पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाऊ लागल्यापासून माझी गाडी लिटरला किलोमीटरभर कमी धावते असे मला वाटते. मात्र त्याच काळात घोडबंदर रस्त्यावरची कोंडीही वाढली, त्यामुळे दोष नेमका कोणाचा हे ठरवणे कठीण आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते, हे तर निश्चित. कमी ऊर्जेचे मिश्रण त्याच दराने घ्यावे लागते, ही तक्रार मला रास्त वाटते. ऊस पिकवणारा माझा मित्र ती ऐकून घेतो आणि विषय बदलतो.

ज्यांचे रोजचे चालवणे चाळीस-पन्नास किलोमीटरच्या वर आहे, ज्यांच्या वाटेवर दोन-तीन पंप आहेत आणि जे बहुधा एकटेच असतात, त्यांनी सीएनजी घ्यावी. दर थोडेफार खालीवर झाले तरी ते तोट्यात जातील असे मला वाटत नाही. ज्यांचे चालवणे माझ्यासारखे सुट्टीचे आणि सहकुटुंब आहे, त्यांना मात्र मी दबक्या आवाजात पेट्रोलच सुचवतो, आणि शोरूममध्ये पैसे भरण्याआधी एका शुक्रवारी संध्याकाळी, घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला सोबत घेऊन, मेहुण्याच्या नाहीतर शेजाऱ्याच्या सीएनजी गाडीने आपल्या नेहमीच्या पंपावरील रांगेत एकदा उभे राहून पाहायला सांगतो.