औंध संस्थानची वीकेंड टूर: नक्की जा, पण गाइडकडून १९३९ ची राज्यघटना समजावून घ्या

आधीच सांगते, हे पुण्याचं औंध नव्हे, सातारा जिल्ह्यातलं खटाव तालुक्यातलं औंध, यमाईचं. पुण्यातल्या एका छोट्या ग्रुपची शनिवार-रविवारची टूर होती, औंध, किर्लोस्करवाडी, कुंडल आणि आटपाडी असा रूट, मिनीबस, मुक्काम आणि जेवण सगळं पॅकेजमध्ये. ग्रुपचं नाव इथे लिहीत नाही कारण जे खटकलं ते त्यांना फोन करून सांगितलंय.

सगळ्यात आवडली ती निवड. संस्थान म्हटलं की आपल्याकडे टूरवाले थेट कोल्हापूर नाहीतर बडोदा, झुंबरं, शिकारीतले वाघ आणि राजवाड्यासमोर सेल्फी. औंध त्यातलं नाहीच. तोफांची सलामी नसलेलं छोटंसं संस्थान, साधारण ५०० चौरस मैल, ७२ गावं, पाऊण लाखाच्या आसपास माणसं, आणि तेही एका जागी नाही, औंध इथे, कुंडल तिकडे कृष्णाकाठच्या बाजूला, आटपाडी पार माणदेशात आणि गुणदाळ तर थेट विजापूरकडे, मधेमधे इंग्रजांचा मुलूख नाहीतर दुसऱ्या कुणाचं संस्थान. नकाशात बघून हे डोक्यात बसत नाही. बसमधून बराच वेळ जाऊन परत "आता आपण पुन्हा औंध संस्थानात आलो" असं गाइड म्हणाला तेव्हा कळलं की असल्या तुकड्यातुकड्यांचा कारभार चालवणं म्हणजे काय असेल, एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात साधं टपाल जायचं तरी परक्या हद्दीतून. रूट आखणाऱ्याला याचे पूर्ण मार्क.

औंधला पहिल्या दिवशी यमाईचा डोंगर आणि अर्ध्या वाटेवरचं श्रीभवानी चित्रसंग्रहालय. त्याच्यासाठी एकट्यासाठी सुद्धा यावं असं आहे ते. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी (भवानराव, १९०९ ते संस्थान असेपर्यंत राजे) १९३८ ला बांधलं, उजेड वरून असा घेतलाय की चित्रावर पडतो पण डोळ्यावर येत नाही, दुपारच्या टळटळीत उन्हात गेलो होतो तरी आत शांत मऊ प्रकाश. रविवर्म्याच्या सैरंध्रीसमोर मी बराच वेळ उभी होते, प्रिंट आयुष्यभर बघितलेत पण तिच्या चेहऱ्यावरची ती नको असलेल्या कामाला जायची नाखुशी प्रिंटमध्ये उतरतच नाही. आणि हेन्री मूरचं मायलेकरांचं दगडी शिल्प खटाव तालुक्यात, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं. बाळासाहेब स्वतः चित्रं काढायचे, कीर्तन करायचे, शाळेत सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते, आणि भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला १९१८ मध्ये एक लाख देऊ केले, त्या काळचे आणि एवढ्याशा संस्थानातून! गदिमा याच औंधच्या शाळेत शिकले. गाइड इथे फुल फॉर्ममध्ये होता, एकेक चित्र छान उलगडून सांगितलं, त्याबद्दल त्याला खरंच थँक्स.

आता जे कमी पडलं ते. औंधची खरी मोठी गोष्ट म्हणजे १९३८-३९ मध्ये राजाने सत्ता लोकांच्या हातात दिली, आणि ती गोष्ट या टूरमध्ये "राजे फार उदार होते, त्यांनी राज्य प्रजेला देऊन टाकलं" एवढ्या एका वाक्यात उरकली. असं नाही हो चालत. एक तर त्या वर्षी सगळीकडेच संस्थानांत प्रजा परिषदा (संस्थानातल्या लोकांच्या संघटना) जबाबदार राज्यपद्धती, म्हणजे लोकांनी निवडलेल्यांचा कारभार, मागत होत्या, कुठे लाठ्या कुठे तुरुंग चालू होता, आणि त्या गर्दीत हे एक छोटं संस्थान म्हणालं की या, चालवा तुम्हीच. दुसरं म्हणजे ते नुसतं जाहीर करून थांबले नाहीत. राजपुत्र अप्पासाहेब पंत ऑक्सफर्डला शिकून आलेले, त्यांच्या जोडीला मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा इंजिनियर (इकडे येऊन भारतानंद झाला), हे दोघं गांधीजींकडे गेले, आणि जानेवारी १९३९ मध्ये संस्थानची राज्यघटना आली. गावाने पाच जणांची पंचायत निवडायची, पंचायतींतून तालुका, तालुक्यातून वरची विधानसभा. म्हणजे सत्ता खालून वर. मत द्यायला लिहितावाचता यायला पाहिजे ही अट पण आली, त्यावर वाद घालता येतो आणि घालावा, पण त्यामुळे साक्षरतेचं काम जोरात करणं भागच पडलं ही दुसरी बाजू.

हे सगळं मला कुठून कळलं, तर थोडं घरी वाचून गेले होते आणि बाकी बसमधल्या एका रिटायर्ड तलाठी काकांकडून. चहाच्या स्टॉपवर मी गाइडला विचारलं की पंचायतीकडे पैसा कुठून यायचा, तो म्हणाला "राजे द्यायचे". काका लगेच म्हणाले, "अहो नाही, शेतसाऱ्यातला निम्मा हिस्सा खाली गावाकडे ठेवायचा अशी व्यवस्था होती. बाकी सगळी शोभा, महसूल कुणाच्या हातात तेच खरं राज्य." आणि मग त्यांनी आजच्या ग्रामपंचायतीला निधीसाठी किती दारं झिजवावी लागतात ते सांगितलं, अर्धी बस कान देऊन ऐकत होती. माझी मनापासून विनंती आहे आयोजकांना, काकांसारख्या माणसाला मानधन देऊन बोलवा, टूरचा अर्धा तास त्यांचा ठेवा.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी होती ती म्हणजे इंग्रजांची. पंतप्रतिनिधी, म्हणजे औंधच्या राजांचं घराणं, मूळचे सातारच्या छत्रपतींचे प्रतिनिधी, १८४८ ला सातारा खालसा झाल्यावर हे जहागीरदार थेट इंग्रजांच्या हाताखाली आले. नंतर गादीवर कोण बसणार हे सुद्धा त्यांच्या मंजुरीने. बाळासाहेबच १९०९ मध्ये आले ते आधीच्या प्रतिनिधींना इंग्रजांनी बाजूला केल्यावर. संरक्षण, बाहेरचे संबंध, रेल्वे, टपाल यात राजाला बोलायचं काम नाही, आणि वर नजर ठेवायला रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा अधिकारी. ज्याची स्वतःची खुर्ची दुसऱ्याच्या मर्जीवर तो आपली सत्ता खाली वाटून टाकतो यातलं धाडस हे सांगितल्याशिवाय कळत नाही, नुसता उदारपणा म्हटलं की त्या माणसावर अन्यायच होतो.

दुसरा दिवस जास्त भरीव वाटला. किर्लोस्करवाडी बाहेरूनच बघायला मिळते पण गोष्ट छान सांगितली, लक्ष्मणराव किर्लोस्करांची बेळगावची कारखान्याची जागा गेली तेव्हा बाळासाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकर माळ दिला, निवडुंग आणि सापांचा, वर दहा हजार कर्ज, १९१० साल. कारखाना आणि गाव दोन्ही त्यातून उभं राहिलं. कुंडलला प्रतिसरकारचा (सातारा भागात भूमिगतांनी चालवलेल्या समांतर सरकारचा) विषय निघाला आणि तिथे त्या तुकड्यातुकड्यांच्या हद्दीचा उपयोग समजला, १९४२ नंतर भूमिगत मंडळींना इंग्रज हद्दीतून संस्थान हद्दीत सरकलं की जरा दम घ्यायला मिळायचा, आणि औंधच्या कारभारात त्यांच्याबद्दल सहानुभूती होती. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर, १९३९ ची कैद्यांची खुली वसाहत, भिंतीशिवाय, शेती करत राहायचं, कुटुंब सोबत. फ्रीडमनचीच कल्पना आणि अजून चालू आहे. परवानगीशिवाय आत जाता येत नाही, आम्ही रस्त्यावरूनच पाहिली, आणि हे टूरच्या माहितीपत्रकात आधी लिहायला पाहिजे होतं कारण दोघीतिघी त्यासाठीच आल्या होत्या.

८ मार्च १९४८ ला दख्खनची इतर बरीच संस्थानं विलीन झाली त्यात औंधही मुंबई प्रांतात गेलं. म्हणजे प्रयोगाला मिळाली जेमतेम नऊ वर्षं, त्यातली बरीचशी महायुद्धात गेली. तो यशस्वी झाला का हे विचारण्यापेक्षा पुढे पंचायत राज आणताना याची नीट फाइल कुणी उघडली का, हे मला विचारावंसं वाटतं.

जेवण उत्तम, बाजरीची भाकरी, पिठलं, खर्डा, हवं तेवढं वाढत होते. मुक्काम साधा पण स्वच्छ. बसचा एसी आटपाडी रस्त्यावर बंद पडला, ड्रायव्हर दादांनी कुरकुर न करता थांबे वाढवले. एप्रिल-मे मध्ये जाऊ नका, खटाव-माणचं ऊन सोसत नाही, हिवाळा बेस्ट. गुडघे दुखत असतील तर डोंगरावर गाडी कुठपर्यंत जाते ते आधी विचारून घ्या. शाळेची मुलं घेऊन जाणार असाल तर संग्रहालयाला किमान दोन तास द्या आणि ग्रामपंचायतीचं एखादं बजेट प्रिंट काढून सोबत न्या, तुलना करायला बसमध्ये भरपूर वेळ मिळतो. पाचपैकी साडेतीन स्टार, घटनेवर एक नीट सेशन ठेवलं तर साडेचार देईन.