सीटी इथेच, की एमआरआयसाठी घाट चढायचा?

शाळेत बरं चालणारं मूल हळूहळू मागे पडतं, हातातून पेजेची ताटली निसटते, मधूनच अंगाला हिसका बसतो. अशा वेळी डॉक्टर विचारतात, ‘लहानपणी गोवर आला होता का?’ आईला आठवत नसेल तर आजीला विचारा. गोवराचा विषाणू मेंदूत वर्षानुवर्षं दडून राहतो आणि बहुधा सहा-दहा वर्षांनी डोकं वर काढतो. याच दुर्मिळ आजाराला एसएसपीई म्हणतात.

सीटी स्कॅन इथे कोकणात जवळ होतो, स्वस्तात होतो, काही मिनिटांत उरकतो. मूल शुद्धीवर नसेल, झटके थांबत नसतील किंवा डोक्याला मार लागला असेल तर घाटाचा विचारच नको, जवळचा सीटी गाठा. पण एसएसपीईसाठी तो फारसा कामाचा नाही. मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण झडायला लागलं तरी सुरुवातीला सीटी बहुधा नॉर्मलच येतो. वर क्ष-किरणांचा मारा होतो, तो वेगळाच.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. त्यातल्या ‘फ्लेअर’ नावाच्या खास प्रकारच्या चित्रांत पांढरे डाग दिसतात, बरेचदा आधी मेंदूच्या मागच्या भागात आणि दोन्हीकडे सारखे नाहीत. पुढे ते आतल्या पोकळ्यांभोवती पसरतात, मग मेंदूच आक्रसत जातो. स्टेरॉइडने बरा होऊ शकणारा एडीईएम, म्हणजे मायलिन झडण्याचाच दुसरा आजार, तर नाही ना, हे ठरवायलाही याच चित्रांची मदत होते. म्हणून मूल स्थिर असेल तर मी सीटीचे पैसे वाचवून एमआरआयच करायला सांगेन.

त्रासही आहे. अर्धा-पाऊण तास निश्चल पडायचं म्हणून लहानांना झोपेचं औषध देतात, आणि त्याआधी पोट रिकामं लागतं. उपाशी मुलाला पहाटे आंबा घाटाची वळणं नकोत. आदल्या रात्रीच कोल्हापुरात मुक्काम करा. सिंधुदुर्गातल्यांना गोव्यातलं बांबोळीचं इस्पितळ जवळ. एमआरआयच्या चुंबकाजवळ धातू चालत नाही, म्हणून ताईत, चांदीचा करदोटा, कानातलं घरीच काढून ठेवा.

मात्र एमआरआय नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका, सुरुवातीला तसं होतं. ईईजीत, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींच्या आलेखात, काही सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या उंच लाटा आणि पाठीतून काढलेल्या पाण्यात गोवराची प्रतिपिंडं, खरा निकाल यांवर लागतो. पैशांची चणचण असेल तर आधी ईईजी करा, तो स्वस्तही पडतो.

कुठेही करा, रिपोर्टच्या कागदासोबत चित्रांची सीडी मागून घ्या. पुढच्या वेळी जुने डाग नव्याशी ताडायला तीच लागते.