माळढोक पाहायला कुठे जायचं? नान्नज, लाला की सुदासरी

रजा आठवड्याचीच आहे आणि मनात माळढोक पक्षी आहे. चौकशी केली की तीन नावं पुढे येतात. सोलापूरजवळचं नान्नज, कच्छमधलं लाला आणि जैसलमेरच्या डेझर्ट नॅशनल पार्कमधलं सुदासरी. तिन्ही जागा माळढोकासाठीच राखल्या आहेत, पण तिथून घरी परतताना पदरात पडतं ते अगदी वेगवेगळं.

आधी नान्नज, कारण ते आपलं. सोलापूरहून बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटर, म्हणजे पुण्याहून शनिवार-रविवारात सहज होतं. १९७९ साली अभयारण्य झालं तेव्हा कागदावर ते ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. त्यात गावं, शेतं, रस्ते, सगळंच आलं होतं. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. खरा गवताळ माळ मात्र राखलेल्या तुकड्यांपुरताच. दरम्यान आसपास पाणी आलं, ज्वारी-करडईच्या जागी ऊस आणि द्राक्षबागा उभ्या राहिल्या. नान्नज आता द्राक्षांसाठीच जास्त ओळखलं जातं. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्वारीत त्याचं भागत नव्हतं. पण मांडव आणि तारांच्या बागेत माळढोक उतरत नाही. अलीकडे इथे दिसला तर एखादाच, तोही नशिबाने. त्यामुळे माळढोकाचा फोटो हाच हट्ट असेल तर नान्नजला जाऊ नका.

तरीही पहिली फेरी नान्नजचीच करावी असं मला वाटतं. माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे, हे इथे पायाखाली कळतं. पाऊस सरताना गुडघाभर गवत, काळविटांचे कळप, पहाटे लांडगा, आणि हिवाळ्यात गवतावरून खालून तरंगत जाणारा भोवत्या (हॅरियर) हा शिकारी पक्षी. धाविक आणि पखुर्डी हे माळावरचे पक्षी नजरेला पडायला वेळ लागतो, म्हणून दुर्बीण हवीच.

लालाचं क्षेत्रफळ ऐकून आधी विश्वास बसत नाही. जेमतेम २ चौरस किलोमीटर! भुजहून नलियाकडे शंभरेक किलोमीटर जायचं तेवढ्यासाठी. दिवसभरात मैलोन्मैल फिरणाऱ्या पक्ष्याला २ चौरस किलोमीटर म्हणजे अंगणच, आणि म्हणून इथला माळढोक बव्हंशी अभयारण्याबाहेरच्या नलियाच्या गवतात असतो. तिथे आजूबाजूला पवनचक्क्या आणि वीजवाहिन्या आहेत. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही, देह १५ किलोपर्यंत भरतो. तार दिसली तरी वेळेत वळता येत नाही. कच्छमध्ये आता मोजक्या माद्या उरल्या आहेत आणि नर बरीच वर्षं दिसलेला नाही. अशा ठिकाणी निव्वळ फोटो टिपण्यासाठी गाडी घालणं मला पटत नाही. होबारा (माळढोकाच्याच कुळातला लहान पक्षी) आणि कच्छचं बाकीचं पक्षीजीवन पाहायला जाणार असाल तर वाटेत थांबा, एवढंच.

सुदासरीचं गणित सोपं आहे. उद्यान ३,१६२ चौरस किलोमीटरचं, जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत पसरलेलं, आणि सुदासरी हा त्यातला कुंपण घातलेला भाग. जंगलात उरलेले माळढोक दीडशेहून कमी मानले जातात आणि त्यातले जवळपास सगळे राजस्थानातच आहेत. पक्षी दिसण्याची खरी आशा म्हणाल तर इथेच. तिथे ‘माळढोक’ म्हणून विचारलंत तर कुणाला कळणार नाही, ‘गोडावण’ म्हणा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, गिधाडंही तेव्हाच येतात. उन्हाळा-पावसाळ्यात मात्र जाऊ नये, कारण तो विणीचा हंगाम. मादी सहसा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. गाडीच्या आवाजाने ती उठली तर अंडं धोक्यात. जैसलमेरजवळच्या सम गावातल्या माळढोक प्रजनन केंद्रातली पिल्लं पर्यटकांना दाखवायला नाहीत, तेव्हा तिथे आत शिरायची खटपट करू नका.

पैसे आणि रजा दोन्ही असतील तर जानेवारीत सुदासरी. हाताशी दोनच दिवस असतील तर सप्टेंबरअखेरीस नान्नज, माळढोक दिसणार नाही हे धरून.