अ‍ॅल्डनोआ झिरो की एटी-सिक्स? एकच बघायची असेल तर

युद्धावरची सायन्स फिक्शन अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) मालिका बघायची आहे, पण दोन बघायला वेळ नाही, अशा पेचात असाल तर निकाल आधीच सांगून टाकतो: ‘एटी-सिक्स’ बघा. ‘अ‍ॅल्डनोआ झिरो’चे पहिले बारा भाग हवे तर नंतर कधीतरी जेवता जेवता लावा. अ‍ॅल्डनोआचे 24 भाग, एटी-सिक्सचे 23, म्हणजे वेळ दोन्हीकडे सारखाच, साधारण नऊ-साडेनऊ तास. दोन्हींचा अखेरचा शेवट इथे फोडणार नाही. अ‍ॅल्डनोआचा पहिला सीझन कुठे संपतो ते मात्र सांगावंच लागेल, कारण सगळी गोम तिथेच आहे.

गंमत अशी, की नावं वाचून निवड केली तर अ‍ॅल्डनोआचं पारडं जड ठरतं. दोन्हींच्या मागे ए-वन पिक्चर्स हाच स्टुडिओ (अ‍ॅल्डनोआला ट्रॉयकाची जोड). दोन्हींना हिरोयुकी सावानोचं संगीत. एटी-सिक्समध्ये त्याच्या जोडीला कोहता यामामोतो. दोन्हींत शेवटी वाजणाऱ्या गाण्याला गायिका मिझुकीचा आवाजसुद्धा आहे. पण 2014 साली अ‍ॅल्डनोआ आली तेव्हा दिग्दर्शक होता एई आओकी आणि मूळ कथा गेन उरोबुचीची. ‘फेट/झिरो’ हीसुद्धा याच दोघांची: कादंबरी उरोबुचीची, दिग्दर्शन आओकीचं. ‘मादोका मागिका’ या त्याने लिहिलेल्या मालिकेमुळे उरोबुचीच्या नावाचा दबदबाही तोपर्यंत बसला होता. फक्त एक गोष्ट लोकांनी नीट वाचली नाही. मूळ कथा उरोबुचीची असली तरी मालिकेची सगळी बांधणी कात्सुहिको ताकायामाकडे होती. एटी-सिक्सच्या बाबतीत उलट. दिग्दर्शक तोशिमासा इशीची ही पहिलीच मालिका, त्यामुळे 2021 मध्ये तिच्याकडून कुणाच्या फारशा अपेक्षा नव्हत्या.

अ‍ॅल्डनोआची सुरुवात झकास आहे, हे कबूल करायलाच हवं. 1972 मध्ये अपोलो 17 च्या मोहिमेत चंद्रावर मंगळाकडे जाणारं एक प्राचीन द्वार सापडतं. मंगळावर गेलेल्या माणसांच्या हाती अ‍ॅल्डनोआ नावाचं हरवलेल्या संस्कृतीचं तंत्रज्ञान लागतं आणि ती स्वतःला सम्राट-सरदार म्हणवू लागतात. 1999 च्या युद्धात ते द्वार फुटतं, चंद्राचे तुकडे होतात, आणि मंगळाची 37 सरदार घराणी पृथ्वीच्या कक्षेतच अडकून पडतात. पंधरा वर्षांनी मंगळाची राजकन्या शांतिदूत म्हणून जपानात येते, तिच्यावर हल्ला होतो, आणि सरदारांना हवं ते निमित्त मिळतं. प्रत्येक सरदाराचं यंत्र वेगळं आणि जवळपास अजिंक्य. पृथ्वीकडे साधे, वाहतुकीच्या खांबासारखे नारिंगी रंगवलेले सरावाचे रोबो आणि शाळेत लष्करी शिक्षण घेणारी पोरं.

तिसऱ्या भागातली लढाई तर तेवढीच काढून बघण्यासारखी आहे. समोरच्या यंत्राभोवती असं कवच, की गोळी, स्फोट, प्रकाश, काहीही त्याला लागलं की नाहीसं होतं. इनाहो नावाचा मुलगा साधा प्रश्न विचारतो: प्रकाशही आत जात नाही, तर आत बसलेल्याला बाहेरचं दिसतं कसं? म्हणजे कवचाला कुठेतरी फट हवी. मग ते धूड पुलावरून पाण्यात पाडायचं, आणि पाणी नाहीसं होत नाही ती जागा हेरायची. शाळकरी भौतिकशास्त्राने साम्राज्याचं नाक कापलं जातं. मजा येते.

पुढे मात्र हाच साचा होऊन बसतो. नवा सरदार, नवं अजब शस्त्र, इनाहोचा निर्विकार चेहरा, एक निरीक्षण, सरदार खलास. हा मुलगा चुकतच नाही. दुसऱ्या सीझनमध्ये त्याच्या डाव्या डोळ्याच्या जागी हिशेब करणारा कृत्रिम डोळा बसवतात, म्हणजे उरलीसुरली उत्सुकताही गेली.

हे एक वेळ चालून जाईल. खरी चीड येते ती पहिल्या सीझनच्या शेवटाने, किंवा नेमकं सांगायचं तर त्याचं पुढे जे केलं त्याने. बाराव्या भागात राजकन्येला गोळी लागते, तिला मारणाऱ्या साझबाउम या सरदाराला गोळी लागते, इनाहोच्या डोक्यात गोळी जाते. 2014 च्या सप्टेंबरात हे बघून पडदा पडला, आणि बघणाऱ्यांनी तीन महिने डोकं धरून काढले. जानेवारीत मालिका परतली तेव्हा कथेत एकोणीस महिने उलटलेले, आणि तिघेही जिवंत! तिथून पुढे या मालिकेत कुणी पडलं की मन हलतच नाही.

माणसांचंही तेच. रायेत ही मंगळाच्या हेरांची मुलगी. बाप डोळ्यांदेखत मारला गेलेला, आणि त्या रागात ती एकदा राजकन्येचा गळा आवळते. पूर्ण मालिकेतलं सगळ्यात गुंतागुंतीचं पात्र, आणि दुसऱ्या सीझनमध्ये ती जवळजवळ शोभेला उरते. लेफ्टनंट मारितो 1999 ची तानेगाशिमाची लढाई पंधरा वर्षं उराशी घेऊन जगतोय, तोही धागा मध्येच सैल पडतो. स्लेनचा, म्हणजे पृथ्वीवर जन्मून मंगळाच्या बाजूने लढणाऱ्या मुलाचा, कडेलोट दाखवायला तर किमान दहा भाग हवे होते. तो बहुतेक त्या एकोणीस महिन्यांच्या उडीत गडप झालाय.

एटी-सिक्सचं जग त्यामानाने अरुंद आहे. सान माग्नोलिया नावाचं प्रजासत्ताक, शेजारच्या साम्राज्याने सोडलेली लीजन नावाची स्वयंचलित युद्धयंत्रं, आणि रोज जाहीर होणारी बातमी: आजही आपली जीवितहानी शून्य. कारण आपलीही यंत्रं चालकाविना लढतात म्हणे. वास्तविक त्यात तटबंदीबाहेर हाकललेल्या जमातींची पोरं बसलेली असतात. प्रजासत्ताकाचे विभाग 85, या मुलांचा 86 वा. ती कायद्याने माणसंच नाहीत, मग मेली तर मोजायची कशाला?

त्यांना तटाच्या आतून, संपर्काच्या यंत्रावरून हुकूम देणारी अधिकारी म्हणजे मेजर लेना. ती भली आहे, मुलांशी आदराने बोलते, आणि इथे मालिकेने जे केलंय ते अ‍ॅल्डनोआला चोवीस भागांत जमलं नाही. काये नावाची मुलगी मरते. लेना मनापासून दुःख व्यक्त करते. पलीकडून तिच्याच तुकडीतला थेओ उसळतो: तुला आमची नावंसुद्धा माहीत नाहीत! आणि ते खरंच असतं. ती सगळ्यांना लढाईतल्या टोपणनावांनीच हाक मारत आलेली असते. आपणही तोवर तिच्याच बाजूने बघत असतो, त्यामुळे चपराक आपल्यालाही बसते. तिकडे शिन हा तुकडीचा म्होरक्या मेलेल्या प्रत्येकाच्या यंत्राचा एक तुकडा घेतो, त्यावर नाव कोरतो आणि जवळ ठेवतो. सरकारी शून्यासमोर ठेवलेली ही दुसरी मोजदाद. इथे एक माणूस गेला की पुढच्या भागात त्याची जागा रिकामी दिसते, जेवणाच्या टेबलावरसुद्धा.

इशीची आणखी एक युक्ती आवडली: पहिल्या सीझनमध्ये बऱ्याचदा तोच प्रसंग आधी लेनाच्या बाजूने दिसतो, मग मुलांच्या. तिला ऐकू आलेला आवाज आणि तिथे घडलेली गोष्ट यांत किती अंतर होतं, ते न सांगता कळतं.

दोष आहेत. प्रजासत्ताकाचे बाकीचे अधिकारी फारच ढोबळ. दारू ढोसणारे, खिदळणारे, जणू खलनायकी शिकवून आणलेले. डावपेच समजावून सांगण्यात या मालिकेला रस नाही, तेव्हा तिसऱ्या भागातल्या पुलासारखी कोडी हवी असतील तर ती अ‍ॅल्डनोआतच मिळतील. दुसऱ्या सीझनची सुरुवात रेंगाळते आणि लेना बराच काळ दिसतच नाही. शेवटचे दोन भाग तर 2022 च्या मार्चपर्यंत लांबले होते, पण आता सलग बघणाऱ्याला त्याचं काय? मधले उजळणीचे विशेष भाग तेवढे वगळा. आसातो आसातोच्या ज्या कादंबऱ्यांवर ही मालिका बेतली, त्यांची कथा याच्या बरीच पुढे जाते. तरी 23 वा भाग जिथे थांबतो तिथे थांबलात तर हुरहुर राहत नाही.

अ‍ॅल्डनोआ कुणी बघावी? रोबोंच्या लढाया आणि सावानोचे ढोल एवढंच हवं असेल त्याने. पण बाराव्या भागाला थांबा, ते तिघे मेले असं धरा आणि तेराव्याला हात लावू नका. एटी-सिक्सला मात्र निदान चार भाग द्या. पहिले दोन संथ आहेत, काये तिसऱ्यात जाते, आणि लेना एकेकाचं नाव विचारते ते चौथ्यात.