ग्वाल्हेरचा किल्ला: ग्वालियर गेटनं चढावा की उरवाई गेटनं?

महाराष्ट्रातून पाहुणे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्याकडे उतरले की प्रश्न ठरलेला असतो: हाताशी एक दिवस आहे, फार खर्च करायचा नाही, काय बघू? माझं उत्तरही ठरलेलं आहे, किल्ला. पण किल्ल्यावर जायच्या दोन वाटा आहेत. कुठली धरता यावर तुम्हाला काय दिसेल आणि किती पैसे जातील, हे बरंचसं ठरतं.

पूर्वेकडची वाट ग्वालियर गेटची. इथून गाडी वर जात नाही, पायीच चढायचं. पश्चिमेची उरवाई गेटची वाट डांबरी, तिथून गाडी थेट माथ्यावर पोचते. बरेच जण सोय बघून उरवाई धरतात. मी मात्र पाय धड असलेल्या प्रत्येकाला पूर्वेकडून पाठवते.

कारण या वाटेवर पायथ्यापासूनच बघायला सुरुवात होते. चढ सुरू होतो तिथेच गूजरी महाल आहे. राजा मानसिंह तोमरानं राणी मृगनयनीसाठी बांधलेला हा महाल आता सरकारी संग्रहालय आहे, तिकीटही थोडक्यात. ग्यारसपूर गावची शालभंजिका, म्हणजे वृक्षदेवतेची प्रसिद्ध मूर्ती, इथेच आहे. ती नेहमीच्या दालनात दिसत नाही, तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारून बघावी लागते. लाजू नका, विचारा. एवढ्याशा दगडी मूर्तीच्या चेहऱ्यावर कोरलेलं ते हसू बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तिथून एकामागून एक दरवाजे ओलांडत चढायचं. वाटेत डाव्या-उजव्या हाताला नीट लक्ष ठेवा, नाहीतर चतुर्भुज मंदिर निसटून जातं. एका अखंड खडकात कोरलेलं विष्णूचं लहानसं देऊळ, बघायला पैसे नाहीत. इसवी सन ८७६ च्या इथल्या शिलालेखात देवाच्या फुलबागेची लांबी २७० हात आणि रोजच्या ५० माळा, असे आकडे कोरलेत, आणि त्यातलं शून्य आपण आज लिहितो तसंच गोल आहे. शून्य कोरलेल्या जुन्यात जुन्या लेखांत याची गणना होते. आमच्या भाच्यानं, पाचवीतल्या मुलानं, त्या शून्यासमोर उभं राहून स्वतःच्या वहीत तसंच शून्य काढलं होतं. गाडीनं वर जाणाऱ्यांना हे दिसतच नाही, याची मला दर वेळी हळहळ वाटते.

शेवटी हाथी पोल हा दरवाजा लागतो आणि लगेच मानमंदिर, म्हणजे मानसिंहाचा राजवाडा. सकाळी लवकर चढलात तर उन्हं थेट त्याच्या पूर्वेच्या भिंतीवर असतात. निळ्या-पिवळ्या फरशांतली बदकं, हत्ती, केळीची झाडं खालूनच चमकताना दिसतात. मानसिंहाचा काळ १४८६ ते १५१६, म्हणजे हा रंग पाचशे वर्षं टिकून आहे. इथे पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागतं, पण ते आपल्याला चहा-नाश्त्याच्या खर्चात पडतं आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना लागतच नाही. तिकीट फेकू नका, पुढे माथ्यावरच्या सास-बहू आणि तेली या देवळांशी विचारतात.

आता उरवाईची बाजू. तिचं देणं एकच, पण फार मोठं: कड्यांत कोरलेले जैन तीर्थंकर. पंधराव्या शतकात तोमरांच्या राज्यात या मूर्ती घडल्या, सगळ्यात उंच आदिनाथ सुमारे ५७ फुटी. बाबरानं त्या फोडण्याचा हुकूम दिल्याचं स्वतःच लिहून ठेवलंय. चेहरे भंगले, काहींची पुढे जैन समाजानं डागडुजी केली. बघायला तिकीट नाही, रस्त्याच्या कडेलाच आहेत. गाडीतून जाणाऱ्यांनी इथे उतरायलाच हवं. काचेतून बघितलं तर त्यांची उंची कळत नाही.

गुडघे दुखणारं कुणी सोबत असेल, लहान मूल कडेवर असेल किंवा मे महिना असेल, तर पूर्वेचा चढ विसरा. गेल्या उन्हाळ्यात आत्याला हट्टानं त्या वाटेनं नेलं आणि गणेश दरवाज्यापाशीच परत फिरावं लागलं. चूक माझीच होती. अशा वेळी गाडी करून उरवाईनं जा, मात्र गाडी वरही सोबत राहील असं आधीच बोलून घ्या. माथा लांबलचक आहे. उरवाईचा रस्ता तेली मंदिराच्या बाजूला निघतो आणि मानमंदिर पार दुसऱ्या टोकाला. नुसतं वर सोडून गाडी परत गेली तर वाचवलेले पाय तिथे खर्ची पडतात.

दोन्ही वाटांना सामाईक असा दाताबंदी छोड गुरुद्वारा माथ्यावर आहे. शिखांचे सहावे गुरू हरगोविंद यांनी या किल्ल्यावरच्या कैदेतून आपल्यासोबत ५२ राजांची सुटका करवली, त्याची ही जागा. दुपारी तिथेच लंगरात बसा. डोकं झाकायला रुमाल बरोबर ठेवा.

शहरातल्या शिंद्यांच्या जयविलास पॅलेसचं काय? चांगला आहे, झुंबरं आणि चांदीची आगगाडी बघण्यासारखी आहे. पण तिकीट माणशी काही शे रुपये, चार माणसांच्या घराला तो एक फेरा किल्ल्याच्या अख्ख्या दिवसापेक्षा महाग पडतो. पैसे मोजके असतील तर तो सोडा. फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपाशी थांबा, आणि पूर्वेच्या वाटेनंच उतरलात तर हजिरा भागात सूफी संत मुहम्मद गौसांच्या मकबऱ्यात जा. त्याच्या दगडी जाळ्यांमधून दुपार कलताना येणारा उजेड बघून मग शेजारी तानसेनाच्या साध्याशा कबरीशी दोन मिनिटं बसा. डिसेंबरात आलात तर याच आवारात तानसेन संगीत समारोह असतो, प्रवेश सगळ्यांना खुला. सोमवार मात्र टाळा, त्या दिवशी गूजरी महाल बंद असतो.