शिस्तभंगाच्या कारवाईनंतर कॉलेज बदलायचं असेल तर: शिक्षा पुरी करावी, वर्षभर बसावं की कम्युनिटी कॉलेज गाठावं?

पार्टीतली मारामारी, हॉस्टेलच्या खोलीत सापडलेला गांजा, कुणाची तरी तक्रार. अमेरिकेत कॉलेजच्या टीममध्ये खेळणाऱ्या मुलावर अशा कारणाने कारवाई झाली की घरात पहिला विषय निघतो तो कॉलेज बदलण्याचा. न्यू जर्सीतलं मराठी कुटुंब असो किंवा मुलीला टेनिसच्या स्कॉलरशिपवर पाठवलेले पुण्यातले आईवडील, ट्रान्स्फर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या ऑनलाइन यादीत, नाव टाकण्याची घाई सगळ्यांनाच होते. त्याआधी एकच गोष्ट तपासा: शिक्षा कोचने दिली की युनिव्हर्सिटीने?

कोचने टीममधून काढलं, तरी मूल विद्यार्थी म्हणून तिथेच असतं. डीनच्या ऑफिसातून सस्पेन्शनचं पत्र आलं, तर त्याचं विद्यार्थी असणंच थांबतं. कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणारी संस्था म्हणजे एनसीएए. तिच्या डिव्हिजन वन या सर्वांत वरच्या स्तरावर एप्रिल २०२४ मध्ये नियम सैल झाले. पदवीचा खेळाडू आता कितीही वेळा कॉलेज बदलून लगेच खेळू शकतो. मात्र त्याने ठरलेल्या मुदतीत पोर्टलमध्ये नाव दिलेलं हवं, अभ्यासात तो पात्र हवा, आणि शिस्तीच्या कारणाने सस्पेंड किंवा बडतर्फ असताना त्याने जुनं कॉलेज सोडलेलं नसावं. तशा अवस्थेत सोडलं, तर नव्या ठिकाणी एक पूर्ण कॅलेंडर वर्ष सामन्याबाहेर.

फक्त कोचने काढलं असेल, तर आज सरळ कॉलेज बदलणं शक्य आहे. पूर्वी तसं नव्हतं. मिझूरी युनिव्हर्सिटीने २०१४ च्या एप्रिलमध्ये टीममधून काढलेला फुटबॉलपटू डोरियल ग्रीन-बेकहॅम ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीत गेला, लगेच खेळण्याची सवलत एनसीएएने नाकारली, आणि ओक्लाहोमासाठी एकही सामना न खेळता तो पुढच्या वर्षी एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या ड्राफ्टला, म्हणजे खेळाडू निवडीला, सामोरा गेला. जुन्या ओळखीतलं कुणी "वर्ष जाणारच" असं सांगत असेल, तर ते त्या काळातलं असण्याची शक्यता आहे.

युनिव्हर्सिटीने सस्पेंड केलं असेल, तर खरी निवड सुरू होते.

शिक्षा पुरी करून मग निघणं. सस्पेन्शन एका सेमिस्टरचं असेल तर मी निःशंकपणे हेच सुचवेन. एक सेमिस्टर गेलेलं परवडतं, कारण दुसऱ्या वाटेवर अख्खं वर्ष जातं. अडचण अभ्यासाची आहे. सस्पेन्शनच्या काळात बाहेर घेतलेले क्रेडिट्स अनेक युनिव्हर्सिटी मान्य करत नाहीत, आणि पदवीकडे पुरेशी प्रगती नसेल तर शिस्तीचा प्रश्न सुटूनही पात्रता अडते. म्हणून परतल्यावर समर सेमिस्टरमध्ये क्रेडिट्स भरून काढण्याचा आराखडा ॲकॅडमिक ॲडव्हायझरकडून आजच लिहून घ्या.

लगेच दुसरीकडे जाऊन वर्षभर बसणं. बसलेल्या वर्षात सराव करता येतो, स्कॉलरशिपही मिळू शकते. पण चार सीझन खेळण्यासाठी मिळणाऱ्या पाच वर्षांचं घड्याळ थांबत नाही. शिवाय प्रवेश मिळायला हवा. आग्नेयेकडच्या कॉलेजांच्या एसईसी या कॉन्फरन्सने, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाने, २०१५ मध्येच नियम केला की लैंगिक अत्याचार किंवा कौटुंबिक हिंसाचारासाठी आधीच्या कॉलेजने शिक्षा केलेल्या खेळाडूला तिथली कॉलेजं घेणार नाहीत. हा नियम मला योग्य वाटतो. कॅम्पसवरच्या मुलींची सुरक्षितता कुणाच्याही सीझनपेक्षा मोठी आहे. सस्पेन्शन वर्षाचं किंवा जास्त असेल आणि नवं कॉलेज सगळं माहीत असून घेत असेल, तर ही वाट पहिलीपेक्षा चांगली.

दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज. इथे सगळ्यांना फुटबॉलपटू कॅम न्यूटन आठवतो. नोव्हेंबर २००८ मध्ये चोरीच्या लॅपटॉपच्या प्रकरणात अटक, फ्लोरिडाच्या टीममधून सस्पेन्शन, मग टेक्सासच्या ब्लिन या दोन वर्षांच्या कॉलेजात २००९ चं त्या स्तरावरचं राष्ट्रीय विजेतेपद आणि २०१० मध्ये ऑबर्न युनिव्हर्सिटीकडून हाइसमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब. त्याच्यावरचे आरोप पुढे मागे घेतले गेले. पण त्याच्याकडे पाहून आपला निर्णय घेऊ नये. चार वर्षांच्या कॉलेजात परतताना या कॉलेजातले क्रेडिट्स वेगळ्या कसोटीवर तपासले जातात, आणि तिथली वर्षं पात्रतेत धरायची की नाही यावर न्यायालयात वाद चालू आहेत. अशाच कॉलेजातून आलेल्या फुटबॉलपटू डिएगो पाव्हियाच्या बाजूने डिसेंबर २०२४ मध्ये आदेश आल्यावर एनसीएएने २०२५-२६ पुरती सवलत दिली. ती कायमची धरून बेत आखू नका. फुटबॉलसाठी ही वाट जिवंत आहे. टेनिस, स्विमिंगसाठी मी ती शेवटी ठेवेन.

हिअरिंगच्या आधी गुपचूप निघून जाण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. न्यूयॉर्कमध्ये गंभीर हिंसेच्या आणि व्हर्जिनियात लैंगिक हिंसेच्या प्रकरणांत "चौकशी चालू असताना सोडलं" अशी नोंद कायद्यानेच ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) येते. दुसरीकडे ती नसली, तरी नवं कॉलेज जुन्या कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसला (खेळाचे नियम पाळले जातात का ते पाहणाऱ्या कार्यालयाला) फॉर्म पाठवतं, आणि त्यात शिस्तीच्या कारवाईचा प्रश्न असतो. लपवलेलं तिथे उघडं पडतं, आणि मुलाची बाजू मांडणारी हिअरिंगही हातची गेलेली असते.

भारतातून एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांसाठी हिशेब आणखी वेगळा आहे. टीममधून काढल्याने व्हिसाला धक्का लागत नाही. युनिव्हर्सिटीच्या सस्पेन्शनने सेव्हिसमधली, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यादीतली, नोंद बंद होऊ शकते. मग "थांबणं" याचा अर्थ भारतात परतणं. पत्र हाती आलं त्याच दिवशी इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसला भेटा, कोचला नंतर. नोंद चालू असताना ती दुसऱ्या कॉलेजकडे हलवता येते का, हा पहिला प्रश्न विचारा.

पोर्टलमध्ये नाव गेलं की जुनं कॉलेज सेमिस्टरनंतर स्कॉलरशिप थांबवू शकतं. म्हणून आधी शिक्षेचं पत्र घेऊन बसा: सस्पेन्शनची अखेरची तारीख, परत प्रवेशाच्या अटी, अपिलाची मुदत. आणि नव्या कोचने फोनवर "आम्ही बघून घेऊ" म्हटलं, तरी पहिल्या दिवसापासून खेळता येईल की नाही, हे त्यांच्या कंप्लायन्स ऑफिसकडून ईमेलवर येईपर्यंत कशावरही सही करू नका.